पडद्यावरची साठावही

सोलापूरहून पुण्याकडे निघाले म्हणजे मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची एमआयडीसी लागते. समजा, तेथल्या एका टर्किश टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठ्यांच्या ४०,००० नोंदी संगणकात आहेत. दारात ट्रक उभा आहे. कारकुनाने तक्ता उघडला, आणि पडदा हलेचना! ‘यंत्र जुनं झालं’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, मागण्याच्या रीतीचा असतो.

पडद्यावर एका वेळी ओळी मावतात तीस-चाळीस. मग चाळीस हजार आणायच्या कशाला? गुरुजी हजेरी घेताना चालू महिन्याचेच पान उघडतात, दहा वर्षांचे हजेरीपट टेबलावर पसरीत नाहीत. चांगला तक्ताही दिसणाऱ्या ओळी आणि त्यांच्या मागच्यापुढच्या थोड्या, एवढ्याच मागवतो. खाली सरकावे तशा पुढच्या येतात. मूळ नोंदवहीला सूची मात्र हवी, नाहीतर एका ओळीसाठी सारी पाने चाळावी लागतात.

खरी मेख पुढेच आहे. शेजारच्या टेबलावरून ५० गठ्ठे रवाना झाले, आणि या पडद्यावर ते अजून शिल्लकच दिसतात. व्यापाऱ्याला शब्द दिला गेला, तो गेलेल्या मालाचा! म्हणून काही कार्यक्रम दर पाच सेकंदांनी सारा तक्ता पुसून नव्याने भरतात. एका आकड्यासाठी आख्खा फळा पुसण्यासारखेच हे. शिवाय कारकून एका ओळीवर बोट ठेवून बसलाय, तेवढ्यात ओळी सरकतात आणि भलताच गठ्ठा निवडला जातो.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्यावा. पडद्याने एवढेच विचारावे : ‘८१२ नंतर काय बदलले?’ आणि तेवढेच रकाने दुरुस्त करावेत. ओळ ओळखायची ती तिच्या जागेवरून नव्हे, गठ्ठ्याच्या क्रमांकावरून. म्हणजे निवड ढळत नाही. काढलेली नोंद गुपचूप नाहीशी करू नये, तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा मारावा, कारण नाहीशा झालेल्या ओळीची बातमी पडद्याला देणार कोण? माहिती आणण्याचे काम मागच्या मागे चालावे, आणि आलेले सगळे बदल एकदमच दाखवावेत, म्हणजे पडदा लुकलुकत नाही.

एवढे करूनही पडदा क्षणभर मागे राहणारच. तेव्हा ट्रकची पावती फाडताना मूळ नोंदवहीने शिल्लक पुन्हा तपासावी. तेथे २० गठ्ठे असतील, तर पडद्यावर ७० दिसत असले तरी पावती निघता कामा नये.