बादल्यांची रांग आणि रोजकीर्द

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या तरुण मंडळींत एक मत असे रूढ झाले आहे की, कोरस नावाचा जो संस्कार पायाखालच्या मूठभर पेडलमधून गिटारच्या स्वराला दिला जातो, तो अॅनलॉग पेडलमधला असेल तर अस्सल आणि डिजिटल पेडलमधला असेल तर नक्कल. हे मत इतक्या निःशंकपणे सांगितले जाते की, नवख्याने साठवलेले पैसे मोडून जुने, महागडे पेडल विकत घ्यावे. माझ्या भाच्याने ते घेतले. त्याच्यापाशी आधीचे एक डिजिटल पेडल होतेच. तेव्हा गेल्या उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या खोलीत दोन्ही शेजारी शेजारी मांडून आम्ही मामा-भाच्यांनी काही दुपारी घालवल्या आणि अस्सल व नक्कल हे दप्तरी शब्द या प्रकरणी कितपत लागू पडतात, याची शहानिशा केली.

कोरस म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. नाथषष्ठीला पैठणच्या गोदाकाठी एखाद्या दिंडीतले पन्नास कंठ एकच अभंग एकाच सुरात म्हणू लागतात, तेव्हा त्यांतले कोणतेही दोन कंठ एकाच क्षणी सुरू होत नाहीत आणि कोणतेही दोन कंठ नेमके त्याच सुरावर स्थिर राहत नाहीत. तरीही कानाला तो बेसूर वाटत नाही, उलट एका कंठाला कधीही न येणारी रुंदी आणि हेलावा त्या नादाला येतो. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ एकरूप लावल्या म्हणजे हाच अनुभव लहान प्रमाणावर येतो. एक तार सेकंदाला 220 वेळा आणि दुसरी 221 वेळा कंप पावत असेल, तर दर सेकंदाला एक याप्रमाणे नादात भरती-ओहोटी चालू राहते. आणि मिरवणुकीत ज्याला आपण बेंजो म्हणतो, त्या विजेवर चढवलेल्या बुलबुलतरंगाचा झणत्कार तरी वेगळा कोठून येतो? एकाच कळीखाली दाबल्या जाणाऱ्या तारांच्या किंचित मतभेदातूनच तो येतो.

एकट्या गिटारचे असे अनेकत्व करायचे, तर तिच्या स्वराची एक प्रत काढून ती सेकंदाच्या काही सहस्रांशांइतकी, म्हणजे साधारणतः 5 ते 30 मिलिसेकंद, मागे ठेवायची आणि मूळ स्वरात मिसळायची. एवढ्याने मात्र भागत नाही. हा विलंब सतत, मंद गतीने कमी-अधिक करत राहावे लागते. हॉर्न वाजवीत एसटी जवळ येते तेव्हा तिचा सूर चढलेला आणि पुढे निघून जाते तेव्हा उतरलेला ऐकू येतो. त्याचप्रमाणे विलंब घटत असताना प्रतीचा सूर किंचित चढतो आणि वाढत असताना किंचित उतरतो. पेडलवरच्या ‘रेट’ या बटणाने हा झोका किती वेगाने घ्यायचा ते ठरते आणि ‘डेप्थ’ने किती लांब घ्यायचा ते. येथवर अॅनलॉग आणि डिजिटल यांत अणुमात्र भेद नाही.

ही कल्पना गिटारवादकांच्या हाती प्रथम आली ती जपानातून. इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये ओसाका येथे स्थापन केलेल्या रोलँड कंपनीने 1975 मध्ये जेसी-120 हा अॅम्प्लिफायर काढला. त्यात 60 वॅटचे दोन स्वतंत्र विभाग आणि 12 इंची दोन स्पीकर असून, कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ स्वर आणि दुसऱ्यातून झोके घेणारी प्रत बाहेर पडते. म्हणजे दोहोंचे मिश्रण यंत्राच्या पोटात होत नाही, ते खोलीतल्या हवेत होते. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत रम्य वाटणारी कल्पना हीच आहे. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, तेच मंडल रोलँडच्याच बॉस या नाममुद्रेच्या सीई-1 या पेडलमध्ये आले आणि 1979 मध्ये सीई-2 हे आटोपशीर, निळे पेडल निघाले, ज्याच्या आठवणीवर आजचे बहुतेक कोरस बेतलेले असतात.

आता मुद्दा हा की, निसटत्या ध्वनीला वीस मिलिसेकंद धरून ठेवायचे कसे. अॅनलॉग पेडलची युक्ती फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर आणि टीर या संशोधकांनी 1969 मध्ये शोधली. तिचे नाव बकेट ब्रिगेड, म्हणजे बादल्यांची रांग. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा राहिल्यावर बायामाणसे ओळीने उभी राहून पाणी हातोहात घरापर्यंत पोचवतात, हे दृश्य आमच्या शहरात कोणाला नवीन नाही. चिपमध्ये माणसांच्या जागी सूक्ष्म धारित्रे असतात आणि पाण्याच्या जागी विद्युत्भार. एमएन3007 या नावाजलेल्या चिपमध्ये अशा 1024 पायऱ्या आहेत. भरलेली बादली पुढे द्यायची तर शेजारची रिकामी असावी लागते, म्हणून एकूण विलंब पायऱ्यांच्या संख्येला घड्याळाच्या ठोक्यांच्या दुपटीने भागून निघतो: सेकंदाला 1,00,000 ठोके असतील तर 5.12 मिलिसेकंद आणि 10,000 असतील तर 51.2. ठोके मंद-जलद केले की विलंब आपोआप हेलकावे घेऊ लागतो. हातोहात जाताना थोडे पाणी सांडतेच; त्याची आपल्याला ऐकू येणारी खूण म्हणजे स्वरामागची बारीक खरखर. शिवाय ठोक्यांच्या निम्म्याहून उंच कंपनसंख्या रांगेत शिरल्या तर त्या विकृत होऊन बाहेर पडतात, म्हणून अलीकडे आणि पलीकडे गाळण्या बसवून वरचा उजळपणा छाटावा लागतो. ज्याला आमची मंडळी अॅनलॉगची ‘ऊब’ म्हणतात, ती बहुतांशी या गाळण्यांची करणी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, जी भाच्यालाही प्रथम पटली नाही. अॅनलॉग म्हणजे अखंड धार आणि डिजिटल म्हणजे तुकडे, अशी जी समजूत आहे, ती कोरसपुरती तरी खरी नाही. बादल्यांच्या रांगेतही ध्वनीचे काळाच्या हिशेबाने तुकडेच होतात. भेद इतकाच की, प्रत्येक बादलीत पाणी किती, हे कोणी मोजून लिहीत नाही. डिजिटल पेडल ते लिहिते. सेकंदाला 48,000 वेळा पाण्याची पातळी मोजून ती रोजकिर्दीत नोंदवली जाते, आणि वीस मिलिसेकंदांनी, म्हणजे 960 नोंदींमागची ओळ वाचून, तितकेच पाणी नव्याने भरले जाते. चोवीस बिटांच्या मोजमापात पातळीच्या 1,67,77,216 खुणा असतात. त्यामुळे नोंदीत सांडलवंड जवळपास शून्य. वहीच्या ओळी चार ठिकाणी वाचल्या की चार कंठ मिळतात, आणि उजळपणा नको असेल तर तो आकडेमोडीने छाटता येतो. बॉसचे सीएच-1 हे पेडल 1989 मध्ये निघाले तेव्हा त्यात बादल्यांची रांग होती. पुढे त्याच निळ्या कवचात, त्याच नावाने, डिजिटल मंडल बसवण्यात आले. वर्षानुवर्षे ते वाजवणाऱ्या कित्येकांना आपल्या पेडलच्या पोटात यांपैकी काय आहे, हे कानाने कळत नाही. आणि त्यात त्यांच्या कानाला उणेपणाही नाही.

परीक्षा आम्ही अशी घेतली की, भाचा भिंतीकडे तोंड करून वाजवी आणि मी त्याच्या नकळत पेडले बदलून देई. त्याच्या अॅम्पवर, मोकळ्या तारांचा ई मायनर छेडला असता, त्याचे उत्तर निम्म्या वेळी चुकले. गिटारचा स्पीकर मुळातच 5,000 ते 6,000 कंपनांच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. तेव्हा डिजिटलचा जो जादा उजळपणा, तो स्पीकरच्या दारातच अडतो. मग मी त्याला शेवटची तार पूर्ण विझेपर्यंत हात न हलवण्यास सांगितले. तेव्हा प्रत्येक वेळी त्याने अचूक ओळखले: एका पेडलमागे नादाच्या पाठोपाठ दूरवरच्या पावसासारखी मंद सरसर येरझारा घालत राही, आणि दुसऱ्यामागे काहीच उरत नसे. त्या सरसरीवर त्याचे प्रेम बसले आहे, आणि ते प्रेम मला खोटे वाटत नाही.

मंचावर मात्र निराळा प्रकार होतो. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत गिटारची केबल पुष्कळदा अॅम्पला न जोडता थेट मिक्सरला दिली जाते, आणि सार्वजनिक स्पीकर वरच्या कंपनसंख्या बिनदिक्कत बाहेर टाकतात. अशा वेळी डिजिटल कोरस काचेसारखा टोचतो; त्याचा ‘टोन’ उतरवण्याची तजवीज आधीच केलेली बरी. जुने पेडल तेथे मुकाट्याने बसून जाते.

गेल्या गणेशोत्सवात आणखी एक धडा मिळाला. जनरेटरवरच्या मंचावर भाच्याने दोन्ही पेडलांना एकाच स्वस्त अॅडॉप्टरमधून वीज दिली आणि डिजिटल पेडलच्या घड्याळाची बारीक शीळ जुन्या पेडलमधून सबंध आरतीभर ऐकू येत राहिली. नऊ व्होल्ट दोघांनाही लागतात, पण डिजिटलला विद्युत्प्रवाह अधिक लागतो आणि त्याची कुरकुर सामाईक तारेतून शेजाऱ्यापर्यंत पोचते. दोघांना स्वतंत्र वीज दिली, की ती शीळ नाहीशी होते.

आता त्याची व्यवस्था अशी आहे की, कार्यक्रमाला जाताना कोणते पेडल न्यायचे हे तो मिक्सर आहे की अॅम्प, हे फोनवर विचारूनच ठरवतो. आणि रात्री घरी, दार लावून घेतल्यावर, जुने पेडल जोडतो, एकच ई मायनर छेडतो, आणि तार विझल्यावरही बराच वेळ पायाने ते बंद करत नाही.