तुमी किती देवाचे?

नागभीड जंक्शनवर बल्लारशाहच्या गाडीची वाट पाहत बसलेले दोन अनोळखी गोंड बोलायला लागले की गाव आणि आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो, "तुमी किती देवाचे?" कुळाचे देव चार, पाच, सहा की सात, एवढं कळलं की पुष्कळ उलगडतं. देवसंख्या एकच निघाली तर दोघे भाऊ-भाऊ. वेगळी निघाली तर सोयरीक होऊ शकते. सांस्कृतिक मानवशास्त्रातला नात्यांचा अभ्यास म्हणजे असाच हिशेब धीराने समजून घेणं. पण या अभ्यासाबद्दल आणि ज्यांचा अभ्यास होतो त्यांच्याबद्दल आपल्याकडे बरेच चुकीचे समज आहेत.

गैरसमज: मानवशास्त्रज्ञ कवट्या मोजतात आणि जंगलातल्या "मागास" लोकांच्या चमत्कारिक चाली गोळा करतात.

कवट्यांची मोजमापं झाली, हे खरं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं बर्लिनमधलं संशोधनही त्याच विषयावर होतं. पण त्यांचं नाव झालं ते 1953 च्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथामुळे, आणि त्यात ब्राह्मण-मराठ्यांची घरंही गोंडांइतकीच बारकाईने तपासलेली आहेत. अभ्यासाची पद्धत साधी आहे. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीत गेलेल्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ती रुळवली. "तुमच्यात लग्नाचा नियम काय?" असं विचारायचं नाही, माणसांची नावं विचारायची. तुमच्या आईच्या पोटची भावंडं किती? थोरलीला कुठे दिली? तिच्या मुलाला तुम्ही काय म्हणता? पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा. गावातली वीस-पंचवीस घरं अशी कागदावर आली की नियम आपोआप दिसू लागतो आणि तो कुठे मोडला तेही दिसतं. तोंडी सांगितलेला नियम आणि प्रत्यक्ष झालेली लग्नं यांत अंतर असतं. हे अंतर मोजणं हा अभ्यासाचा गाभा आहे.

गैरसमज: नाती रक्ताची, म्हणून ती सगळीकडे सारखीच.

चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ आणि आतेभाऊ यांच्याशी रक्ताचं अंतर सारखंच आहे. तरीही चुलत आणि मावस भावंडं ही भावंडंच, आणि मामाच्या मुलीशी मात्र महाराष्ट्रातल्या अनेक जातींत लग्न चालतं, नव्हे, पसंत केलं जातं. जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची, ते उगाच नाही. अमेरिकेतल्या लुईस हेन्री मॉर्गन यांनी 1871 मध्ये जगभरचे नातेशब्द एकत्र छापले, तेव्हा न्यूयॉर्ककडच्या इरोक्वा लोकांची आणि तमिळांची मांडणी जवळजवळ एकाच घाटाची निघाली. त्यांचा रक्तसंबंध कोण जोडणार?

गोंडांत हा हिशेब आणखी लांब जातो. एकाच देवसंख्येची दोन कुळं शंभर मैलांवर राहत असोत, एकमेकांना ओळखतही नसोत, त्यांच्यात लग्न होत नाही. उलट मामा-आत्याच्या घरची सोयरीक मानाची. एका पिढीत ज्या घरी मुलगी दिली, तिथून पुढच्या पिढीत मुलगी परत यावी, याला "दूध लौटाना" म्हणत असल्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा हिशेब गोंडांचे भाट, परधान, किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन जपत आले. आदिवासींच्या लग्नाला धरबंध नसतो असं म्हणणाऱ्यांनी हे नियम एकदा नीट पाहावेत. आपल्या बहुतेकांच्या घरांतले नियम यापेक्षा सैल आहेत.

मुलाकडून देज, म्हणजे वधूमूल्य, घेतात म्हणजे मुलगी विकतात, हाही असाच एक समज. मुलीचे कष्ट तिच्या माहेरी किती मोलाचे होते याची ती कबुली असते. देज द्यायची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबतो, त्याला लमसेना म्हणतात.

गैरसमज: गोटुल म्हणजे पोरापोरींच्या मोकळ्या वागणुकीची जागा.

व्हेरिअर एल्विन यांचं 1947 चं पुस्तक बस्तरच्या मुरिया गोंडांच्या गोटुलाबद्दल होतं. ते गाजलं आणि वाचकांनी सगळ्याच गोंडांना त्यात बसवलं. ग्रिग्सन यांनी त्याआधी, 1938 मध्येच, लिहून ठेवलं होतं की बस्तरच्याच पहाडी माडिया गोंडांच्या गोटुलात मुली झोपत नाहीत. गडचिरोलीत गोटुल म्हणजे गावाने बसायची, ठरवायची, पाहुणा उतरवायची जागा. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिच्या नावातही गोटुल आहे.

गैरसमज: गोंडी ही मराठीचीच एक बोली.

गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूच्या जवळची. 2011 च्या जनगणनेत तिचे सुमारे 29 लाख 80 हजार भाषक होते, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. मराठीची बोली आहे ती झाडीबोली, जिच्यात पाणी "पानी" होतं आणि डोळा "डोरा".

आता ज्या समजामुळे माणसांचं प्रत्यक्ष नुकसान होतं तो: भाषा गेली, चाल बदलली, की माणूस आदिवासी राहिला नाही.

आदिवासी असल्याचा दाखला तपासायला जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं आणि लग्नात काय करता, देव कोणते, मेल्यावर विधी काय, असं विचारतं. 1994 च्या माधुरी पाटील खटल्यातल्या निकालाने ही पद्धत घालून दिली. प्रश्न मानवशास्त्राचे आहेत, पण तिथे ते परीक्षेसारखे वापरले जातात. नागभीडच्या शाळेत मराठी शिकलेल्या मुलाला गोंडी येत नसेल, त्याच्या लग्नात बँड वाजला असेल, तर त्यात त्याने काय गमावलं? कोणतीही चाल शंभर वर्षं जशीच्या तशी राहत नाही, हे कोणताही मानवशास्त्रज्ञ पहिल्या दिवशी शिकतो. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2011 मध्ये आनंद यांच्या खटल्यात स्थलांतर आणि आधुनिकतेमुळे चालीरीती जुळणार नाहीत हे मान्य केलं, आणि मार्च 2023 मध्ये चालीरीती जुळवून पाहण्याची ही चाचणी निर्णायक कसोटी नाही असं स्पष्ट केलं. राज्यघटनेआधीच्या शाळा आणि महसुलाच्या नोंदींचं वजन अधिक आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला जात-वैधता मिळालेली असेल तर तिचंही वजन आहे.

त्यासाठी वंशावळ जोडावी लागते. ती आजा, बाप, चुलते अशी खाली उतरते. ज्याच्या घरावरून अर्जदाराच्या आईबापांची सोयरीक ठरली असेल, त्या मामाला या वंशावळीत रकाना नसतो.