विश्लेषण : टर्बो इंजिनातून येणारा ‘टिक टिक’ आवाज कशाचा? एग्झॉस्ट गॅस्केटच्या गळतीकडे दुर्लक्ष का नको?

सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिनातून ‘टिक टिक’ असा आवाज येतो आणि दहा मिनिटांनी तो आपोआप थांबतो. काही दिवसांनी घाटात गाडीचा पिकअप पडतो. मग एखाद्या गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला’ असे निदान होते आणि हजारो रुपयांच्या खर्चाची तयारी सुरू होते. अनेकदा मात्र दोष टर्बोत नसून त्याच्या जोडावरील पत्र्याच्या पातळ गॅस्केटमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘पॅकिंग’मध्ये असतो. ही गळती कशी होते, ती ओळखायची कशी आणि दुरुस्ती करताना काय पाहायचे, याविषयी…

टर्बो इंजिनात हे गॅस्केट इतके महत्त्वाचे का?

टर्बोचार्जरचे तत्त्व जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, अशी ही रचना. छोट्या कारच्या टर्बोचा वेग मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. साध्या इंजिनात धुराचा दाब लगेच सायलेन्सरकडे निघून जातो. टर्बो इंजिनात मात्र टर्बाइन वाटेत असल्याने मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. तोच दाब टर्बोचे इंधन असतो. तो जोडातून बाहेर पडला की चाकाला पुरेसा जोर मिळत नाही.

देशात अशा गाड्यांची संख्या आता मोठी आहे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनासारख्या डिझेल इंजिनांनी टर्बो घरोघरी पोहोचवला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर कर कमी असल्याने छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढणारे टर्बो पेट्रोलही वाढले. यातील अनेक गाड्या आता जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत.

गळती नेमकी कुठे आणि का होते?

मुख्य जागा तीन. सिलिंडर हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधील जोड, मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधील जोड आणि टर्बोनंतरच्या पाइपचा जोड. डिझेल गाड्यांत ईजीआर पाइपचा जोड ही चौथी जागा. पहिल्या दोन ठिकाणची गळती टर्बोच्या आधी होत असल्याने ताकद कमी करते. टर्बोनंतरच्या गळतीने आवाज आणि वास येतो, पण पिकअप फारसा पडत नाही.

कारण मुख्यतः उष्णतेचे. पूर्ण भाराखाली डिझेल इंजिनाचा धूर ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, तर टर्बो पेट्रोलचा ९५० अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक तापतो. ओतीव लोखंडाचे ४० सेंटिमीटर लांबीचे मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापले, तर ते सुमारे अडीच मिलिमीटरने लांबते. ज्या अॅल्युमिनियमच्या हेडला ते जोडलेले असते, ते पाण्याने थंड ठेवले जात असल्याने एक मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक स्टड आणि गॅस्केटला प्रत्येक फेरीत सोसावा लागतो. हजारो वेळा तापून थंड झाल्यावर टोकाचे स्टड ताणतात किंवा तुटतात, मॅनिफोल्ड वाकते, गॅस्केट जळते. टर्बोला आधार देणारा ब्रॅकेट मागच्या दुरुस्तीत बसवायचा राहून गेला असेल, तर टर्बोचे सगळे वजन आणि कंप या जोडावरच येतात. तापलेले इंजिन साचलेल्या पाण्यात घातल्यानेही मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो.

मग गरम झाल्यावर आवाज का थांबतो?

धातू तापून फुगतो आणि बारीक फट तात्पुरती बुजते. म्हणून थंड इंजिनावरचा आवाज हीच सर्वात उपयोगी खूण. ८०० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा धूर बाहेर टाकतो. एका सिलिंडरच्या जोडात फट असेल, तर याच तालात ‘टिक टिक’ ऐकू येते आणि अॅक्सिलरेटर दाबला की ती जलद होते. आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असे मात्र नाही. घाटात दाब वाढला की हीच फट पुन्हा उघडते.

टर्बो खराब आहे की गॅस्केट, हे कसे ओळखायचे?

जोडाभोवती कोरडी काळी काजळी दिसली, तर ती धुराच्या गळतीची खूण. इंटरकूलरच्या रबरी पाइपवर तेलकट ओल आणि जोरात गाडी चालवताना ‘फुस्स’ असा आवाज येत असेल, तर गळती हवेच्या बाजूची आहे. दोन्ही प्रकारांत कमी बूस्टचा ‘पी ०२९९’ हा कोड येऊ शकतो. त्यामुळे केवळ स्कॅनरवरील कोड पाहून टर्बो बदलणे चुकीचे ठरते.

खात्रीसाठी थंड इंजिनावर धुराच्या यंत्राने तपासणी करता येते. ते नसेल, तर सायलेन्सरच्या तोंडातून कमी दाबाची हवा सोडून जोडांवर साबणाचे पाणी मारले की फुगे येतात. टर्बोच्या दांड्याला हाताने हलवून किती ढिलाई आहे हे पाहिले आणि पाती शाबूत असतील, तर टर्बोवरचा संशय बराच कमी होतो.

दुर्लक्ष केले तर काय बिघडते?

बूस्ट कमी पडला की संगणक टर्बोकडून अधिक काम घेतो. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब वाढतो आणि फट आणखी रुंदावते. पेट्रोल गाडीत धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला ती जादा हवा दिसते, संगणक गरज नसताना इंधन वाढवतो आणि मायलेज घसरते. बाहेर पडणारा तप्त झोत शेजारच्या वायरी आणि रबरी पाइप जाळू शकतो.

सर्वात गंभीर धोका प्रवाशांना आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड अधिक असतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो. बॉनेटखालचा धूर बाहेरची हवा घेणाऱ्या व्हेंटमधून केबिनमध्ये येऊ शकतो. गाडीत धुराचा वास, डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवली, तर काचा उघडून गाडी थांबवावी आणि बाहेर पडावे. अशी गाडी सुरू ठेवून एसीत झोपणे जिवावर बेतू शकते.

दुरुस्ती योग्य झाली, हे ग्राहकाने कसे पाहावे?

काम पूर्ण थंड इंजिनावर व्हायला हवे. गंजलेल्या नटांवर आधी गंज सोडवणारे तेल मारून वेळ द्यावा लागतो. घाईत पाना लावला तर स्टड हेडमध्येच तुटतो आणि दहा मिनिटांचे काम दिवसाचे होते. मॅनिफोल्ड काढल्यावर जुने पॅकिंग खरवडून, सरळ पट्टी आणि फिलर गेजने फ्लँज सपाट आहे का, हे तपासणे सर्वात महत्त्वाचे. वाक मर्यादेबाहेर असेल, तर लेथवाल्याकडे फेसिंग करावे किंवा मॅनिफोल्ड बदलावे. वाकड्या फ्लँजवर बसवलेले नवे गॅस्केट पुन्हा जळते.

गॅस्केट, नट आणि ताणलेले स्टड नवेच हवेत. गॅस्केटची बाजू उलटसुलट होणार नाही हे पाहावे. नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच आवळावेत. टर्बोआधीच्या जोडावर सिलिकॉन पेस्ट लावू नये. ती या तापमानाला टिकत नाही आणि तिचे तुकडे टर्बाइनच्या पात्यांपर्यंत जाऊ शकतात. टर्बो उतरवला असेल, तर ऑइल पाइपचे वॉशरही बदलावेत आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत तेल पोहोचेल याची काळजी घ्यावी. शेवटी ब्रॅकेट आणि उष्णतारोधक पत्रा जागेवर बसला का, हे पाहावे.

गॅस्केटची किंमत टर्बोच्या तुलनेत किरकोळ असते, खर्च मजुरीचा असतो. म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये सोडावी आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना आवाज मेकॅनिकला ऐकवावा. काम झाल्यावर जुने गॅस्केट मागून घ्यावे. धूर जिथून निसटत होता, तिथे त्याच्यावर काळा पट्टा दिसतो.