बाधा की व्याधी?

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर हे श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले दत्तक्षेत्र कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात आहे. तेथे मध्यान्हीची आरती सुरू झाली म्हणजे गर्दीतील काही स्त्रीपुरुष किंचाळू लागतात, घुमू लागतात, कोणी खांबावर चढू पाहतात. ही बाधा झालेली माणसे होत, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील गावांतून, तसेच महाराष्ट्रातूनही, अनेक कुटुंबे आपला रुग्ण घेऊन मोठ्या आशेने येथे येतात.

या सर्वांना एकच दुखणे असते असे मात्र नव्हे. कित्येकांच्या बाबतीत घरातील जाच, दारिद्र्य किंवा तोंडाने बोलून न दाखविता येणारे दुःख ‘अंगात येण्या’च्या रूपाने बाहेर पडते. या भागात जिची धास्ती फार, त्या भानामतीच्या प्रकारांतही पुष्कळदा असेच मानसिक ताण दडलेले असतात. परंतु याच गर्दीत अशीही काही माणसे असतात, की ज्यांच्या मेंदूचे कार्यच बिघडलेले असते. त्यांच्या व्याधीला छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया असे म्हणतात. औषधाच्या दृष्टीने हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे.

छिन्नमनस्कता हे नाव ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९०८ मध्ये रूढ केलेल्या शब्दाचे मराठी रूप होय. एका देहात दोन माणसे राहतात, असा त्याचा अर्थ नाही. विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परांशी असलेला मेळ तुटतो, एवढेच त्यातून सुचवावयाचे आहे. हा रोग बहुधा ऐन तारुण्यात जडतो. तुरीच्या राशीला सर्वांच्या आधी खळ्यावर जाणारा एखादा मुलगा हळूहळू घुमा होतो, स्नान टाळतो, रात्र रात्र जागतो. पुढे कोणी जवळ नसताना त्याला आवाज ऐकू येतात. ते त्याला शिव्या देतात, हुकूम सोडतात. याला भास म्हणतात. चुलत्याने आपल्या भाकरीत विष कालविले आहे, अशी त्याची खात्री पटते आणि कितीही समजूत घातली तरी ती ढळत नाही. याला भ्रम म्हणतात. रुग्ण ढोंग करीत नसतो. तो आवाज त्याला खरोखरच ऐकू येत असतो.

भास आणि भ्रम इतर विकारांतही होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या स्त्रीचे चित्त एकाएकी भ्रमिष्ट होते. दीर्घकाळचे मद्यपान अकस्मात सुटले, की नसलेल्या वस्तू दिसू लागतात. उन्मादाच्या वा तीव्र खिन्नतेच्या विकारातही असे घडते. यांपैकी काही अवस्था जिवावर बेतणाऱ्या असल्यामुळे निदान वैद्याकडूनच व्हावयास हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर ३०० माणसांमागे सुमारे एकास छिन्नमनस्कता असते. २०११ च्या जनगणनेत बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ४२ लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने येथे सुमारे १४ हजार रुग्ण असावेत. या रोगात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. गांजासारखे व्यसन व आयुष्यातील ताण त्यास चालना देतात. आईबापांच्या संगोपनातील दोषाने तो होत नाही, आणि कोणाच्या करणीने तर नाहीच नाही.

१९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण प्रथम दिसून आला आणि या रोगाच्या उपचारात क्रांती झाली. त्यानंतर निघालेल्या औषधांनी पुष्कळ रुग्णांचे भास व भ्रम काही आठवड्यांत ओसरतात. मात्र बरे वाटताच गोळ्या सोडल्या, तर रोग बहुधा उलटतो. हातापायांचा ताठरपणा, सुस्ती, वजन वाढणे असे त्रास झाल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, म्हणजे त्यांना मात्रा किंवा औषध बदलता येते.

खरी हानी होते ती विलंबाने. देवऋषी शेजाऱ्याचे नाव घेतो आणि भावकीत कायमचे वैर पेटते. लग्न केले म्हणजे ताळ्यावर येईल, या आशेने एका निरपराध मुलीचाही संसार पणास लावला जातो. कोठे रुग्णाला साखळीने जखडतात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ रुग्ण मृत्युमुखी पडले, कारण साखळदंडांमुळे त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

म्हणून दर्शनाला जाऊ नये काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. क्षेत्रात खचलेल्या कुटुंबाला धीर मिळतो. गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात दवा आणि दुआ यांची सांगड घालण्यात आली; प्रार्थनेला येणाऱ्यांना तेथेच मनोविकारतज्ज्ञही भेटू लागले. पादुकांवर माथा ठेवून आलेल्या मनुष्याने गोळी घेतल्याने श्रद्धेस बाध येत नाही.

बिदर व कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यासाठी तपासणी होते. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. तपासणीच्या वेळी नुसते ‘बाहेरचे झाले आहे’ एवढे न सांगता झोप केव्हा उडाली, रुग्ण कोणाशी बोलतो, जेवण का टाकतो, हे तपशिलाने सांगावे; आत्मघाताची भाषा निघाल्यास तर क्षणाचाही विलंब लावू नये. आणि औषध चालू झाल्यावर घरच्यांनी टोमणे न मारता, झेपेल तेवढे काम सोपवून, त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. रोगाने तोडलेला माणूस पुन्हा माणसांत येण्यास औषधाइतकीच या जागेचीही गरज असते.