बुद्धिबळ, संगणकीय

बुद्धिबळ, संगणकीय : संगणकाकडून बुद्धिबळाचा खेळ खेळवून घेण्याचे तंत्र आणि त्या अनुषंगाने झालेला यांत्रिक व मानवी विचारप्रक्रियांचा तौलनिक अभ्यास यांस ही संज्ञा लावली जाते. बुद्धिबळाचे नियम मोजके व निःसंदिग्ध असून त्यात दैवाला वाव नाही. तथापि संभाव्य डावांची संख्या प्रचंड असल्याने केवळ नियमांच्या ज्ञानावर उत्तम खेळ करता येत नाही. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात हा खेळ आरंभापासून एक कसोटी मानला गेला. यंत्र मानवावर मात करू शकेल काय आणि तसे झाल्यास ते विचार करते असे म्हणता येईल काय, असे दोन प्रश्न त्यातून निर्माण झाले. पहिल्याचे उत्तर १९९७ मध्ये मिळाले. दुसऱ्याचा उलगडा मात्र डावाच्या निकालावरून होत नाही. त्यासाठी चाल निवडण्याच्या दोन्ही रीतींची तुलना करावी लागते.

ऐतिहासिक आढावा : हंगेरीतील व्होल्फगांग फोन केंपेलेन (१७३४–१८०४) यांनी १७७० मध्ये व्हिएन्ना येथे दाखविलेले ‘तुर्क’ हे बुद्धिबळ खेळणारे यंत्र यूरोपभर गाजले, परंतु त्याच्या पेटीत एक कुशल खेळाडू दडलेला असे. खरोखर स्वयंचलित असे पहिले यंत्र स्पॅनिश अभियंते लेओनार्दो तोरेस केव्हेदो (१८५२–१९३६) यांनी १९१२ च्या सुमारास तयार केले. राजा व हत्ती यांच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या एकट्या राजावर मात करणे एवढेच काम ते करी. इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) यांनी १९४८ मध्ये डेव्हिड चँपरनाउन यांच्यासमवेत बुद्धिबळाची आज्ञावली रचण्यास प्रारंभ केला. ती चालवू शकेल असा संगणक उपलब्ध नसल्याने १९५२ मध्ये ट्युरिंग यांनी स्वतः कागदावर आकडेमोड करून तिच्या आधारे एक डाव खेळून पाहिला. त्यात आज्ञावलीची हार झाली.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाचा पाया घातला. एका स्थितीत सरासरी सु. ३० चाली शक्य असतात असे धरल्यास, दोन्ही बाजूंच्या एकेका चालीसाठी सु. १,००० आणि ४० चालींच्या डावासाठी १ वर १२० शून्ये इतके पर्याय संभवतात, असा अंदाज त्यांनी मांडला. सर्व पर्याय तपासणे कोणत्याही यंत्रास अशक्य असल्याने दोन मार्ग उरतात : ठरावीक खोलीपर्यंत सर्व चाली तपासणे किंवा मोजक्याच आशादायक चाली निवडून त्यांचा खोलवर शोध घेणे. मानवाची रीत दुसऱ्या मार्गाशी मिळतीजुळती आहे. यंत्रांना दीर्घकाळ यश मिळाले ते मुख्यतः पहिल्या मार्गाने.

कार्यपद्धती : संगणक प्रथम आपल्या प्रत्येक संभाव्य चालीस प्रतिपक्षाची प्रत्येक संभाव्य चाल, त्यावर पुन्हा आपली चाल अशा क्रमाने शाखांचा विस्तार करतो. ठरावीक खोलीवर थांबून तो मोहऱ्यांचे बळ, राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना इ. घटकांना अंक देऊन स्थितीचे मूल्य काढतो. प्रतिपक्ष आपल्याला सर्वांत घातक अशीच चाल खेळेल असे गृहीत धरून हे मूल्य मूळ स्थितीपर्यंत मागे आणले जाते. यात अनावश्यक शाखा छाटण्याची एक युक्ती फार उपयुक्त ठरते. उदा., एखाद्या चालीस मिळणाऱ्या एका उत्तराने आपला वजीर फुकट जात असेल, तर त्या चालीची इतर उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही.

मानवी विचारप्रक्रिया : डच मानसशास्त्रज्ञ व बुद्धिबळपटू आड्रियान द ग्रोट (१९१४–२००६) यांनी खेळाडूंना चाल निवडताना मनात येणारे विचार मोठ्याने बोलावयास सांगून त्यांची नोंद केली. हे संशोधन १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा फार अधिक चाली किंवा फार पुढपर्यंत पाहतात, असे त्यात आढळले नाही. ते पाहण्याजोग्या चालीच आधी पाहतात, एवढाच महत्त्वाचा फरक होता. अमेरिकेतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) यांनी १९७३ मध्ये या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष डावातील स्थिती ५ सेकंद दाखविल्यावर निष्णात खेळाडूने सु. १६ मोहरी अचूक मांडली, तर नवशिक्यास सु. ४ च जमली. मात्र तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली असता निष्णात खेळाडूचे हे वैशिष्ट्य जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे त्याचे सामर्थ्य असाधारण स्मरणशक्तीत नसून अनुभवाने ओळखीच्या झालेल्या अर्थपूर्ण रचनांच्या साठ्यात असते.

जगज्जेत्यावर विजय : सायमन व ॲलन न्यूएल यांनी दहा वर्षांच्या आत संगणक जगज्जेता होईल, असे भाकीत १९५८ मध्ये प्रसिद्ध केले होते; ते खरे ठरले नाही. आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे तत्कालीन जगज्जेते गारी कास्पारॉव्ह यांच्यावर ३½–२½ अशा गुणांनी विजय मिळविला. हे यंत्र सेकंदास सु. २० कोटी स्थिती तपासू शके. पटावरची मोहरी मात्र त्याच्या वतीने एक माणूस हलवीत असे. निरीक्षण, पकड व हालचाल या बालकास सहज जमणाऱ्या क्रिया यंत्रास कठीण, तर तज्ञांना अवघड वाटणारी आकडेमोड त्यास सोपी, हा विरोधाभास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतर शाखांतही आढळला आहे.

स्वयंअध्ययन : लंडनस्थित ‘डीपमाइंड’ या संस्थेच्या ‘अल्फाझीरो’ या प्रणालीची माहिती प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली. तिला केवळ खेळाचे नियम पुरविले होते. मूल्यमापनाचे निकष तिने स्वतःशीच ४ कोटी ४० लाख डाव खेळून कृत्रिम तंत्रिका जालकाच्या साहाय्याने शोधले. ती सेकंदास सु. ६० हजार स्थिती तपासत असे, तर तिची प्रतिस्पर्धी ‘स्टॉकफिश’ ही आज्ञावली सु. ६ कोटी. तरीही १,००० डावांच्या सामन्यात अल्फाझीरोने १५५ जिंकले व ६ गमावले. उरलेले बरोबरीत सुटले. निवडक स्थितींकडेच लक्ष देणारी ही रीत मानवी अंतःप्रज्ञेची आठवण करून देते. परंतु हे साम्य मर्यादित आहे. रोज १० डाव याप्रमाणे ६० वर्षे खेळणाऱ्या माणसाचे डाव सु. २ लाख १९ हजार भरतील. यंत्रास त्याच्या सु. २०० पट डाव लागले. शिवाय २०२० मध्ये बुद्धिबळाच्या नियमांत फेरबदल करून नऊ प्रकार तपासण्यात आले, तेव्हा प्रत्येक प्रकारासाठी प्रणालीस नव्याने शिकवावे लागले. नियम बदलल्याचे नुसते सांगितले, तरी मनुष्य आपले पूर्वज्ञान त्यास जुळवून घेऊन लगेच खेळू लागतो.

मूल्यमापन : यंत्राचे प्रभुत्व आता निर्विवाद असून खेळाडू सरावासाठी त्याचाच आधार घेतात, स्पर्धांत त्याचा चोरून वापर होऊ नये म्हणून कडक तपासणी करावी लागते. मात्र एकच चाल अगदी भिन्न प्रक्रियांनी निवडली जाऊ शकते, ही या संशोधनाची मुख्य फलनिष्पत्ती होय. यंत्राचे कौशल्य पाहून त्याला मानवासारखी समज आहे असे मानणे जसे चुकीचे, तसेच त्याची रीत वेगळी म्हणून त्याचे सामर्थ्य कमी लेखणेही चुकीचे ठरते. मानव अल्प अनुभवातून शिकतो, एका क्षेत्रातील ज्ञान दुसऱ्या क्षेत्रात नेतो आणि खेळावयाचे की नाही हेही स्वतः ठरवितो. जिंकणे हे यंत्राचे उद्दिष्ट मात्र मानवानेच ठरवून दिलेले असते.