थाळीवरच्या नेमासाठी बंदूक निवडताना



ज्वारी हुरड्यात आली की रानातल्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा पोर तुम्ही पाहिला असेल. उडत्या पाखरावर तो खडा टाकत नाही, पाखरू जिकडे चालले त्याच्या पुढे टाकतो. मातीच्या थाळीवरच्या नेमबाजीचे निम्मे मर्म यातच आहे. उरलेले निम्मे बंदुकीच्या निवडीत आहे. आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

पूर्वी या खेळात जिवंत कबुतरे सोडून मारीत. १८८० साली अमेरिकेत लिगोव्स्की या गृहस्थाने मातीच्या थाळीचा शोध लावला, आणि पुढे कबुतरांची त्यातून सुटका झाली. आजची थाळी डांबरी राळ व चुनखडीच्या भुकटीची असते. तिचा व्यास ११० मिलिमीटर, वजन अवघे १०५ ग्रॅम. यंत्र ती हवेत फेकते आणि छर्ऱ्याच्या बंदुकीने तिचे तुकडे करायचे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते रायफलीने. तिथे लक्ष्य स्थिर आणि गोळी एक. इथे लक्ष्य पळते, आणि एका काडतुसात सुमारे ३०० बारीक छर्रे असतात. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत बिकानेरचे करणीसिंह यांना आणि २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांना रौप्यपदक मिळाले, ते याच नेमबाजीत.

या खेळाचे दोन मुख्य प्रकार. ‘ट्रॅप’मध्ये थाळी आपल्यापासून दूर पळते; ‘स्कीट’मध्ये ती उजवी-डावीकडून आडवी जाते. म्हणून पहिला प्रश्न असा, की तुम्ही कोणता प्रकार खेळणार? बागेला पाणी देताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते ना? तसेच बंदुकीच्या नळीचे तोंड किंचित आवळलेले असते. त्याला ‘चोक’ म्हणतात. ट्रॅपला थाळी दूर फुटते, म्हणून चोक आवळ आणि नळी लांब, साधारण ७६ ते ८१ सेंटिमीटर. स्कीटला थाळी वीसेक मीटरवर असते; तिथे चोक सैल हवा, म्हणजे छर्रे लवकर पसरतात.

बोर बहुधा बाराचाच. दुनळी घ्यावी, आणि नळ्या एकावर एक असलेली. त्यामुळे नजरेची रेषा एकच राहते. शिवाय ती मधून मोडून उघडी धरली की रिकामी आहे हे शेजाऱ्याला लांबूनही दिसते. फार हलकी बंदूक घेऊ नका. ती खांद्याला जोराचा दणका देते. साडेतीन किलोच्या आसपासचे वजन बहुतेकांना मानवते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बंदूक अंगाला बसली पाहिजे. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी नसते. तुमचा डोळा हीच मागची माशी. दस्त्यावर गाल टेकला की डोळा आपसूक नळीच्या रेषेत यावा. मान वाकवावी किंवा ताणावी लागली, तर ती बंदूक तुमची नव्हे, मग तिची किंमत काही का असेना. दुसऱ्याची मापाची चप्पल आपल्याला चालत नाही, तसेच हे.

गुरुजी, एक प्रयोग वर्गात बंदुकीविना करून घेता येईल. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसे भोक ठेवायचे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून वैजनाथाच्या देवळाचा कळस पाहायचा. मग डावा डोळा मिटायचा. कळस जागेवर राहिला तर उजवा डोळा प्रमुख. नाहीसा झाला तर डावा. उजव्या खांद्याला बंदूक आणि प्रमुख डोळा डावा, असे असेल तर नेम एका बाजूला जातो. अशा माणसाने डाव्या खांद्याने शिकावे, किंवा शिक्षकाच्या सल्ल्याने डाव्या डोळ्यापुढे आडोसा करावा.

म्हणून आधी मैदानावर तिथली बंदूक घेऊन शिकावे, मग परवाना, आणि खरेदी सर्वांत शेवटी. २०२५ सालच्या आरंभी बीड जिल्ह्यातले बंदुकीचे परवाने राज्यभर गाजले. प्रशासनाने पुष्कळ रद्दही केले. कमरेला लावून मिरवण्याचे शस्त्र आणि खेळाचे साधन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आपल्या परळीच्या पोरांना सांगायला हवे. लग्नात हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मैदानावर मात्र नियम साधा आहे. आपली पाळी येईपर्यंत बंदूक रिकामी व उघडी ठेवायची. जो हे पाळतो, त्यालाच पुढचे शिकवतात.