कर्जाच्या अर्जाआधी एक वही

आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ गेल्या मे महिन्यात पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आले. मुलगा बारावी झालेला, त्याला ॲनिमेशन शिकायचे, आणि क्लासची फी लाखाच्या वर. जामीनदार म्हणून सहीही आमचीच हवी होती. आम्ही मुलाला विचारले, "बाळा, आजवर एखादे चित्र हलवून पाहिलेस का?" तो म्हणाला, "नाही काका, ते कॉम्प्युटरवर शिकवतात."

अनेक पालकांचाही हाच समज आहे. पण चित्र कसे हलावे हे माणसालाच ठरवावे लागते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे! आम्ही पडलो कॉमर्सचे, आधी हिशेबच दिसतो. एवढा धीर मुलात आहे का, हे फी भरण्याआधी कळलेले बरे.

आम्ही त्याला पातळ कागदाची छोटी वही दिली. शेवटच्या पानापासून चेंडू काढत पुढे यायचे. खालचे चित्र पुसट दिसते, त्यावरून पुढचे किती सरकवायचे ते समजते. मग पाने अंगठ्याने झरझर सोडायची. पहिला चेंडू फुग्यासारखा तरंगला, कारण सगळी अंतरे सारखी होती. चेंडू वर असताना चित्रे जवळजवळ हवीत, खाली येताना लांब लांब. जमिनीला टेकताच तो थोडा चपटा व्हावा. चौथ्या दिवशी धाकटी बहीण ओरडली, "पडला, पडला!"

"आपल्याकडे हे कोणी शिकलंय का?" असे त्याने विचारले. १९५६ साली डिस्नेचे कलाकार क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. राम मोहन त्याच विभागात घडले. तिथे १९५७ साली 'द बनियन डिअर' हा चित्रपट झाला. गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ती जातककथा, आपल्या घराघरात सांगितली जाणारी.

आता मावसभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'पेन्सिल टूडी' या विनामूल्य सॉफ्टवेअरवर त्याचा सराव चालू आहे. अर्ज आमच्या कपाटात आहे. वडील अधूनमधून विचारतात. पण मुलगाच म्हणाला, "काका, चालणारा माणूस जमला की सही करा."

गेल्या रविवारी तो माणूस घेऊन आला. डावा पाय अजून लंगडतो आहे.